दोन हातांची कडी

माझा राग कुणावर आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. सगळ्यांवर आहे. दादावर आहे, बाबांवर आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंवर चिमूटभर आहे, आणि माझ्यावर किती आहे ते पुढे येईलच. नाही तो फक्त भोंग्यावर. तीन दिवस त्याच्यावरही होता आणि त्याची मला अजून लाज वाटते.

भोंगा म्हणजे आमचा कुत्रा. वय दीड वर्ष, वजन तीस किलो, अक्कल बेताची आणि प्रेम बेसुमार. बेल वाजली की अख्खी इमारत डोक्यावर घेतो म्हणून भोंगा. आई गेल्यावर बाबांना सोबत हवी म्हणून मीच त्याला आणला. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडाला कुलूप. आम्हा भावंडांच्या वाट्याला दिवसाला त्यांचे दहा शब्द यायचे. भोंगा आला आणि हा माणूस बोलायला लागला. त्याला पेपर वाचून दाखवायचे, घड्याळ मागे का पडतं ते समजावून सांगायचे, आणि तो गाढव मान वाकडी करून ऐकायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी म्हणायचे. मनातून मला बरंच वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी बेल वाजली, भोंगा दाराकडे धावला आणि बाबा नेमके मध्ये होते. खाली आपटले. मोडलं काही नाही. पण डॉक्टर म्हणाले, या वयात नशीब रोज साथ देत नाही. पुन्हा पडले तर खुबा जाईल, आणि मग अंथरूण काही सुटणार नाही.

दादा त्याच संध्याकाळी आला. माझा दादा लिफ्ट तपासतो. इमारती-इमारतींतून फिरून लिफ्ट चालवायची की बंद ठेवायची ते ठरवतो. त्यामुळे त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात: झालेला अपघात आणि व्हायचा राहिलेला अपघात.

"एक तर हा कुत्रा जाईल, नाहीतर बाबा माझ्याकडे येतील," तो म्हणाला. "तू दिवसभर कामावर असतेस. मी थोडे दिवस थांबतो. कुत्र्याला वळण लाव. पण पुन्हा पडले तर मी विचारत बसणार नाही."

बाबा शेजारीच बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

दादाकडे बाबा एकदा चार दिवस राहून आले होते. नववा मजला, चांगली खोली, वहिनी मायाळू. फक्त कुत्र्याच्या केसांनी तिला दम लागतो. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? "सगळं हातात देतात," बाबा म्हणाले, आणि भोंग्याला घेऊन बाल्कनीत जाऊन बसले.

म्हणून मी गेट आणलं.

मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते. फ्रेमच्या मापाला काच बसवायची, दोन मिलिमीटर चुकलं तर माणसाला जिन्याच्या पायऱ्या वाकड्या दिसतात. मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चौकट मी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मापली, कारण कुठलीच भिंत सरळ नसते. भिंतीला भोक न पाडता दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी दाबून बसणारं, मांडीच्या वर येईल असं पांढरं लोखंडी गेट. मध्ये छोटं दार. त्या दाराची कडी अशी की एका हाताच्या अंगठ्यानं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं दार वर उचलायचं, तेव्हा ते उघडतं. "मॅडम, यात हत्ती ठेवा," दुकानदार म्हणाला. मला अगदी तेच हवं होतं.

दर शनिवारी सकाळी ट्रेनरबाई यायच्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, कमरेला बिस्किटांचा बटवा. त्यांनी पहिल्या दिवशीच मला सुनावलं. "गेट म्हणजे तुरुंग नाही. शिक्षा म्हणून याच्यामागे कधी टाकायचं नाही. त्याचं अंथरूण, त्याचं पाणी, त्याचं चघळायचं सगळं आत. आणि गेट कशानं उघडतं? कडीनं नाही. त्याच्या बसण्यानं."

मी कडीला हात लावला की भोंगा उडी मारायचा. उडी मारली की मी हात मागे घ्यायचा. ओरडायचं नाही, बोलायचं नाही, बघायचंही नाही. खाली बसला की हात पुन्हा पुढे. पहिल्या दिवशी मी कडीला एक्केचाळीस वेळा हात लावला आणि एक्केचाळीस वेळा मागे घेतला. बेचाळिसाव्या वेळी तो बसला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, एवढंच हवं होतं तर आधी बोलायचंस. मग दार बोटभर उघडायचं. उठला की बंद. मग वीतभर. मग सताड. दार उघडं असूनही मी "चल" म्हणेपर्यंत त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. आणि घरातल्या कुणीही गेटवरून पाय टाकून जायचं नाही, हा बाईंचा सगळ्यात कडक नियम. "माणूस ओलांडतो ते कुत्रं बघतं," त्या म्हणायच्या, "आणि उडी त्याला आपल्यापेक्षा चांगली येते."

तीन आठवड्यांत भोंगा तयार झाला. गेट उघडं, हॉलच्या फरशीवर बिस्किट पडलेलं, लाळ गळतेय, पण बूड हललं नाही. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

रोज साडेनऊला मी निघायचे. भोंगा स्वयंपाकघराच्या बाजूला, बाल्कनी उघडी. बाबा हॉलच्या बाजूला. टेबलावर चहाचा थर्मास, डबा, गोळ्या, पाण्याची बाटली, पेपर. बाबांना उठायलाच लागू नये अशी चोख व्यवस्था. पलीकडे तो, अलीकडे हे, मध्ये कडी. मी निर्धास्त होते.

आणि गेट बसवल्यापासून बाविसाव्या दिवशी, बुधवारी, काकूंचा फोन आला. आधी तक्रारच. "अगं, तुमचा कुत्रा तासाभरापासून बोंबलतोय. माझं डोकं उठलं म्हणून किल्ली घेऊन वर आले, तर तुझे बाबा हॉलमध्ये खाली पडलेत." तासभर! तासभर एक जीव जीव तोडून ओरडतोय आणि ही बाई डोकं उठायची वाट बघत बसली. पण आली तरी, म्हणून राग चिमूटभरच.

मी दहा मिनिटांत घरी. बाबा फरशीवर कुशीवर पडलेले, उजवा हात पोटाशी धरलेला. काकू दाराला चिकटून उभ्या. भोंग्याला भितात, एक पाऊल पुढे यायला तयार नाहीत. मी धावत स्वयंपाकघरातून पाणी आणलं, अॅम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात कळलं की खुबा वाचला, मनगट गेलं.

दादा आला. पलंगाशी वाकून म्हणाला, "बाबा, कसे पडलात?"

बाबांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुत्रा."

दिवसाच्या दहा शब्दांतला तो एक.

दादानं तिथेच, हॉस्पिटलच्या पॅसेजमधून फोन केला. गावाबाहेर कुत्रे सांभाळणारी एक जागा आहे, त्यांची गाडी रविवारी चार वाजता येणार. मी हरले होते. रात्री घरी आले, भोंग्याच्या भांड्यात खाणं ओतलं आणि त्याच्याकडे न बघता गेट लावलं. तो गेटपाशी बसला. बसला की दार उघडतं, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी उघडलं नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढत होते, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं.

शनिवारी कामावर मी एका फ्रेममध्ये काच दाबत होते. फ्रेम गरम करायची, काच खाचेत धरायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. बसली की खट् आवाज येतो. तो खट् झाला आणि माझे हात थांबले. बुधवारी मी पाणी आणायला आत धावले, तेव्हा असाच खट् आवाज झाला होता. मी कडी उघडली होती. मी. म्हणजे कडी लागलेली होती. गेट बंद होतं, भोंगा आत होता, आणि बाबा बाहेर पडले होते. काकूंनी तर गेटच्या जवळपासही पाऊल टाकलं नव्हतं.

आणि दुसरं आठवलं. पाणी भरताना माझा गुडघा बाबांच्या स्टुलावर आपटला होता. त्यांच्या दुकानातलं बसकं लाकडी स्टूल. ते कायम हॉलमध्ये खिडकीपाशी असतं. ते स्वयंपाकघरात, गेटला टेकून उभं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी अर्धी सुट्टी टाकली आणि घरी आले. बाबा आरामखुर्चीत, हात गळ्यात बांधलेला.

"बाबा, बुधवारी गेट बंद होतं."

त्यांनी डाव्या हातानं पेपर पुढे ओढला.

"भोंगा आत होता. मग तुमच्या अंगावर कुठून आला?"

"उडी मारली असेल."

"बरं. आणि तुम्हाला पाडून परत उडी मारून आत गेला, असं?"

"मला आठवत नाही."

"तुमचं स्टूल स्वयंपाकघरात कसं गेलं?"

बाबांनी डोळे मिटले. "मला झोप येतेय," ते म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते, आणि हा माणूस आयुष्यात दुपारी झोपलेला नाही.

बाबा खोटं बोलत होते. एका मुक्या जनावरावर आळ घेत होते, ज्यानं तासभर ओरडून त्यांच्यासाठी माणूस बोलावला होता. आणि तो तिथे गेटपाशी बसून, जीभ काढून, त्यांच्याकडे प्रेमानं बघत होता. मी मनात म्हटलं, ठीक आहे, उद्या दादासमोरच होऊ दे.

रविवारी दादा साडेतीनलाच आला. हातात पट्टा, आणि भोंग्याचं सामान न्यायला एक पिशवी. मी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत.

"बाहेर जा आणि बेल वाजव."

"काय?"

"बेल वाजव म्हटलं ना!"

तो बाहेर गेला. मी कडी उघडली, गेट सताड उघडं केलं, हॉलच्या मध्यावर बिस्किट टाकलं. बेल वाजली. भोंग्यानं नावाला जागून घर हादरवलं, पण बसल्या जागेवरून. दादा आत आला, बिस्किटावरून चालत गेला. भोंगा भुंकतोय, शेपूट फरशीवर आपटतोय, आणि उंबऱ्याच्या आत बसलेला आहे. मी "चल" म्हटलं. तेव्हा उठला, बिस्किट उचललं, आणि बाबांच्या खुर्चीला वळसा घालून त्यांच्या पायाशी जाऊन बसला. मग मी त्याला परत आत नेलं, गेट लावलं.

"हा पाडणार बाबांना?" मी म्हणाले. "आणि बुधवारी तर गेट बंद होतं. मी स्वतः उघडलं. विचार काकूंना. स्टूल आतल्या बाजूला होतं. का कुत्र्यानं स्टूल घेतलं, गेट ओलांडलं, बाबांना पाडलं, परत आत गेला आणि कडी लावून घेतली? तू तपासणीस ना? कर तपास!"

दादाला तपास करायला दोन क्षण लागले. त्यानं गेटकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग बाबांकडे वळला.

"बाबा, तुम्ही गेट ओलांडत होतात?"

बाबांनी गळ्यात बांधलेला हात सावरला.

"कडी निघत नाही," ते म्हणाले.

"कुणाच्यानं?"

"माझ्याच्यानं. अंगठ्यात जोर नाही. वर्ष झालं." त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेला तो अंगठा आमच्यासमोर धरला. केसाएवढा स्क्रू फिरवणारा अंगठा. "ही गेली की स्टूल लावून पलीकडे जायचो. त्याच्याशी बसायचो. चारला परत. स्टूल आतल्या बाजूला घ्यायचं, त्यावरून इकडे उतरायचं, मग हात घालून उचलून घ्यायचं. एकवीस दिवस पडलो नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा ताठ मानेनं म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

"आणि कुत्र्याचं नाव घेतलंत?" माझा आवाज फाटला. "गाडी येतेय त्याला न्यायला! तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं," बाबा म्हणाले. "पण तो गेला तर दुसरीकडे जेवेल. मी त्या नवव्या मजल्यावर गेलो तर..." आणि पुढचं त्यांनी सांगितलंच नाही.

सांगायची गरजही नव्हती, कारण दादानं ते तिथल्या तिथे पूर्ण केलं. "म्हणजे कुत्र्याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "बाबांना एकटं ठेवता येत नाही, हा प्रश्न आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून गेट ओलांडतात! बाबा, सामान भरा. आजच माझ्याकडे चला."

रागाच्या भरात मी भोंग्याला सोडवलं होतं आणि बाबांना अडकवलं होतं. बाबा गेल्यावर दिवसभर रिकाम्या घरात भोंगा तरी कसा राहणार? गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. हे मला आदल्या दिवशी दिसायला हवं होतं. बाबांना दिसलं होतं, म्हणूनच ते डोळे मिटून बसले होते. त्यांना जाब विचारायच्या घाईत मी एवढंही पाहिलं नाही की म्हातारा माणूस घाबरलाय.

पण माझी जीभ थांबते थोडीच. "ते कुठे जाणार नाहीत," मी म्हणाले. "इथे मी आहे त्यांच्याकडे बघायला."

"तू बघतेस म्हणून तर मनगट मोडलं!"

"आणि तू? महिन्यातून एकदा येतोस, वाकून फरशी तपासतोस आणि जातोस!"

"मी दुसरी कडी बसवून दिली असती, मला सांगायचं होतंस!"

"मला तरी कुठे माहीत होतं? मला कुणी सांगितलं?"

"तू विचारलंस?"

आम्ही बाबांच्या डोक्यावरून भांडत होतो. अक्षरशः, ते खुर्चीत मध्ये, आम्ही दोन बाजूंना. आणि मग फाड् असा आवाज झाला. बाबांनी डाव्या हातानं थर्मास टेबलावर आपटला होता.

"झालं ठरवून?" ते उभे राहिले होते. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलेलं नाही, आणि तेव्हाही ते ओरडले नाहीत. "कुत्रा कुठल्या बाजूला, मी कुठल्या बाजूला, ठरवा तुम्ही. डबा कुठे ठेवायचा ठरवा. झोपायचं कधी ते ठरवा. आणि मला सांगा. बस म्हणालात की बसेन. चल म्हणालात की चालेन. त्याला निदान बिस्किट मिळतं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. चार वाजले होते.

दादा खिडकीपाशी गेला. फोन काढला. "नको," तो म्हणाला. "हो, मीच बोलावलं होतं. नको आता. परत जा." मग तो गेटपाशी आला, गुडघ्यावर बसला आणि उजवा हात पाठीमागे धरून एकट्या डाव्या हातानं कडी उघडायला लागला. बटण दाबलं तर दार उचलता येईना, दार उचललं तर बटण सुटे. चार वेळा केलं. पाचव्यांदा त्याचं नख दुमडलं.

"आतल्या माणसाला उघडता येत नाही, असा दरवाजा मी पास करत नाही," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, तेच बरं झालं.

कारण मी पास केला होता. तीन ठिकाणी चौकट मापली, कुत्र्याची उंची मापली. ज्या माणसासाठी हे सगळं केलं त्याचा हात एकदाही हातात घेऊन पाहिला नाही. वर्षभर बाबा चमच्यानं जेवत होते, शर्टाऐवजी टी-शर्ट घालत होते. मला वाटलं, वयानुसार माणूस बदलतो. ट्रेनरबाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं, "बाबांनाही घेऊ या ना सोबत? घरात जास्त वेळ तेच असतात." मी म्हटलं होतं, त्यांना कशाला त्रास. माझा सगळ्यात मोठा राग या वाक्यावर आहे. इतकं गोड बोलून मी त्यांना त्यांच्याच घराच्या अर्ध्या भागात कोंडलं होतं.

दादानं स्क्रू सैल केले. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. गेट निघालं, चौकटीवर चार गोल डाग राहिले. भोंगा आत बसून हे सगळं बघत होता. आता मध्ये काहीच नव्हतं. तो उठला नाही.

बाबा टेबलाला धरून वळले. त्याच्याकडे बघून म्हणाले, "चल."

भोंग्याची शेपूट हलली. पण तो उठला नाही. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चल रे," बाबा पुन्हा म्हणाले.

तो माझ्याकडेच बघत राहिला. एकवीस दिवस ज्यांनी पलीकडे जाऊन त्याला पेपर वाचून दाखवला, त्यांच्या शब्दावर तो विचारत होता मला. मी हेच शिकवलं होतं. माझा आवाज, माझा हात, माझं बिस्किट.

"बघ," बाबा म्हणाले. "त्यालाही तुझी परवानगी लागते."

माझ्या तोंडाशी "चल" आलं होतं. मी ते गिळलं. टेबलावरचा बिस्किटांचा डबा उघडून बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला, दादाला दंडाला धरलं आणि दाराबाहेर काढलं. मीही बाहेर आले. दार ओढून घेतलं.

"वेडी आहेस का?" दादा जिन्यात कुजबुजला. "तीस किलोचं जनावर आणि ते एका हातानं..."

"गप्प बस."

आतून काही ऐकू येईना. मग बाबांचा आवाज, "चल." काही नाही. पुन्हा, "चल बाळा." काही नाही. मी दाराला कान लावला होता. तिसऱ्यांदा बाबा जरा दमानं, जरा मोठ्यानं म्हणाले, "भोंग्या. चल."

फरशीवर नखं वाजली. हळूहळू, एकेक.

मग धप्प असा आवाज झाला. दादानं दाराच्या मुठीवर झडप घातली. मी त्याचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तो कळवळला. मलाही आत धावायचं होतं.

"अरे हळू, गाढवा," आतून बाबा म्हणाले. "सगळा डबाच पाडलास की."

त्यानंतर ते बोलतच राहिले. काय ते कळत नव्हतं, पण दहा शब्दांपेक्षा खूप जास्त होते. दादानं डोळे पुसले आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"जायचं का आत?" त्यानं विचारलं.

"थांब," मी म्हणाले. "बोलावतील."